शुभ्र देवमासा आणि मानवाची फिर्याद

हर्मन मेल्विलच्या १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मोबी डिक’ या कादंबरीतील, कप्तान आहाबचा पाय तोडणारा शुभ्र देवमासा हा मूर्तिमंत पाप, ईश्वरी कोपाचा दूत, की केवळ एक मूक जनावर, या प्रश्नाचा निवाडा लेखकाने बुद्धिपुरस्सर राखून ठेवला आहे. बायबलातील दुःखपीडित ईयोब, ईश्वराने लिव्याथान या महाकाय सागरी प्राण्याचे सामर्थ्य वर्णिताच, आपल्या बुद्धीची मर्यादा ओळखून नम्र होतो. आहाब मात्र बुद्धीपलीकडच्या त्याच गूढाविरुद्ध फिर्याद गुदरतो, आणि मूक प्राण्यावर सूड उगविणे हा ईश्वरद्रोह होय, ही त्याच्या जहाजावरील धर्मनिष्ठ दुय्यम अधिकारी स्टारबकची ताकीद झुगारून, कथानिवेदक असलेल्या एकट्या इश्माएलखेरीज सर्व खलाशांना आपल्यासह जलसमाधी घडवितो. ज्याचा अर्थ लागत नाही त्यास दुष्ट ठरविण्याचा अधिकार मनुष्यास नाही, हाच या कादंबरीचा धर्मविचार होय.