उशाशी घडलेली वारी

संतसज्जनहो, भगवंत पंढरीत उभा राहिला तो कोणाच्या यज्ञासाठी नव्हे आणि पांडित्यासाठीही नव्हे. एक मुलगा आईबापांचे पाय चेपीत बसला होता. दारी देव आला. मुलाने वीट सरकवली आणि हातची सेवा पुरी होईपर्यंत तिच्यावर थांबावयास सांगितले. देव रागावला नाही, थांबला. आपला सारा संप्रदाय या थांबण्यावर उभा आहे. कथा आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु तिचा अर्थ घरात प्रसंग पडला म्हणजे कळतो.

दृष्टान्त घ्या. आमच्या दिंडीतील एका विणेकरी बुवांचा नऊ वर्षांचा नातू ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून पडला. बाहेरून जखम थोडी, आत मार मोठा. कवटी ही बंद पेटी; आतला मेंदू सुजला तर पसरायला जागा नाही, म्हणून तोच दबतो. शुद्ध मोजण्याचे एक माप ग्लासगो येथील दोन वैद्यांनी 1974 साली प्रसिद्ध केले. डोळे, वाणी आणि हालचाल पाहून 3 ते 15 गुण देतात. 8 किंवा त्याहून कमी म्हणजे इजा गंभीर. या पोराला 5 गुण होते. शस्त्रक्रिया झाली, कित्येक दिवसांनी डोळे उघडले. पण घरी आला तो पूर्वीचा मुलगा नव्हता. नाकात नळी, उजवा हात आखडलेला, आणि बोलू लागला तेव्हा ज्या आजीच्या मांडीवर वाढला तिलाच शिव्या!

आषाढी आली. बुवा निघाले नाहीत. मला म्हणाले, "महाराज, माळ घातल्यापास्नं वारी चुकली नव्हती, औंदा चुकली. आन् गावात म्हणत्यात, हे कुणाच्या तरी पापाचं फळ. खरं काय ते सांगा."

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. प्रारब्धाचा सिद्धान्त शास्त्रात आहे, मी तो नाकारीत नाही. परंतु तो ज्याने त्याने स्वतःचे दुःख सोसताना धरायचा आधार आहे. दुसऱ्याच्या पाठीत घालायची काठी नव्हे. जिचे लेकरू निपचित पडले आहे, त्या आईला कोणाच्या पापाची चौकशी करणारा माणूस गळ्यात माळ असूनही वारकरी नव्हे.

आता वारीचा नेम. पुंडलिकाने आईबापांची सेवा सोडून देवाकडे धाव घेतली असती तर पंढरी झाली असती काय? तेथे मुलगा आईबापांचे पाय चेपीत होता, येथे आजा नातवाची कूस बदलतो आहे. सेवेची दिशा फिरली, सेवा तीच. बुवांची वारी चुकली नाही. ती उशाशी घडली.

या वारीचेही शास्त्र आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंत सांगतात की चित्त स्थिर होत नसेल तर अभ्यासाने मला गाठण्याची इच्छा धर. अभ्यास म्हणजे तेच ते पुन्हा, न कंटाळता. दुखावलेला मेंदूही अभ्यासानेच नव्या वाटा पाडतो. बोटे उघडणे, पेला धरणे, एक शब्द उच्चारणे, हे दिवसातून कितीदा तरी करावे लागते. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा भराभर दिसते, मग मंदावते आणि घरची माणसे खचतात. अहो, माउलींची पालखी सासवडला मुक्काम करते तेव्हा वारी मोडली असे कोणी म्हणतो काय? मुक्कामही वाटेतलाच असतो. सुधारणा वर्षानुवर्षे चालू राहू शकते. मात्र पूर्ण बरा होईल असा शब्द कोणी आईला देऊ नये. गोरोबाकाकांचे बाळ परत आले ही कथा आपण भक्तीने ऐकतो. म्हणून देवाच्या वतीने तारीख सांगण्याचा अधिकार आपल्याला येत नाही.

भाविकांना चार गोष्टी हात जोडून सांगतो. ज्याला गिळता येत नाही त्याच्या मुखात तीर्थ किंवा अंगारा घालू नका. ते श्वासनलिकेत उतरून जिवावर बेतते. तीर्थ कपाळाला लावा, देवाला पोचते. उशाशी टाळमृदंगाचा गजर नको. दुखावलेल्या मेंदूला गलबला आणि गर्दी सोसत नाही. एकट्या आईने हळू आवाजात नाम घ्यावे. झटक्यांचे औषध कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. त्यात डॉक्टरांचाच शब्द. आणि पोर शिव्या देते तेव्हा तो राग जखमेचा समजा, पोराचा नव्हे. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि उत्तराची वाट पाहा. विटेवरचा देव वाट पाहतो, आपल्याला क्षणभर थांबता येऊ नये?

बुवांचा नातू आज तीन वर्षांनी पाय ओढत चालतो, शाळेत जातो, दुपारी थकून झोपतो. मुलाचा मेंदू वाढीचा असतो, म्हणून काही उणिवा वरच्या इयत्तेत अभ्यास वाढला की उघड्या पडतात. तेव्हा त्याला आळशी म्हणू नये, गुरुजींना आधी सांगून ठेवावे. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा अधिक असल्याचा दाखला मिळाला तर 2016 च्या कायद्याने 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो मागण्यात कमीपणा नाही.

शेवटी दिंडीला विनंती. वारीत कोणी एकटा चालत नाही. एकाचा पाय सुजला तर दुसरा त्याचे ओझे घेतो. मग घरात असे दुखणे आले की आपण एकदा केळी घेऊन भेटतो आणि विसरतो, हे कसे? एकाने रात्री उशाशी बसावे म्हणजे आई झोपेल. एकीने भाकरी पाठवावी. एकाने दारे धरावीत. आणि त्या घरातले दुसरे मूल, ज्याच्याकडे वर्षभर कोणाचे लक्ष नाही, त्याला कोणी जत्रेला न्यावे. वीट पंढरीत एकच आहे; पण जेथे सेवा चालू आहे, त्या प्रत्येक दारात देव कर कटीवर ठेवून उभा आहे. त्याला आत बोलवायची घाई नको. सेवा पुरी होऊ द्या, तो थांबेल.

रामकृष्णहरि.