वारा फिरेपर्यंत

ओट्यावर बसा. पाठ भिंतीला टेकू द्या. चैत्र लागलाय, अकरा वाजून गेलेत. आज वारा फिरेपर्यंत नुसतं बसायचं आहे.

चांदीपहून समुद्र दिसत नाही. जवळ तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला विरारच्या इमारती आणि त्यांच्याही पलीकडे अर्नाळ्याचा किनारा. गाज इथवर पोचत नाही. तरी आजचं ऊन किती भाजणार, हे समुद्रच ठरवणार आहे.

आधी कपाळाकडे लक्ष द्या. घाम फुटतो न फुटतो तोच उडून जातोय. ओठ ताणल्यासारखे झालेत. हा पूर्वेचा वारा; मुलूखभरची तापलेली जमीन ओलांडून आलेला, कोरडा. समोर दोरीवर टॉवेल आहे, तो पश्चिमेकडे फडफडतोय. बघत राहा.

आता हात पुढे करून ओट्याची उन्हातली कड चाचपा. चटका बसतो. तोच हात पाण्याने भरलेल्या बादलीत घाला. तीही सकाळपासून त्याच उन्हात आहे. पाणी जेमतेम कोमट. एक किलो पाणी जेवढ्या उष्णतेने एक अंश तापतं, तेवढ्यात एक किलो कोरडी वाळू जवळपास पाच अंश तापते. शिवाय समुद्र लाटांनी घुसळून आपली ऊब खाली मुरवतो. म्हणून जमीन आधी तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि रिकाम्या झालेल्या जागी समुद्रावरची हवा आत येते. शाळेत याला खारे वारे म्हणत. मतलई वारे रात्रीचे, उलट्या दिशेचे. परीक्षेत माझी या दोघांची नेहमी अदलाबदल व्हायची. ओट्यावर बसलं की होत नाही.

बारा वाजले. वारा अजून पूर्वेचाच. असा तो अडून बसला की पारा चढत जातो. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंश नोंदले गेले. बातम्यांत कुलाब्याचे आणि सांताक्रूझचे आकडे येतात. चांदीपचा आकडा ज्याने त्याने आपल्या कपाळावर वाचायचा.

सावली पाहा. पायाशी आखडलीये. मेच्या मध्यावर एका दुपारी ती पुरती नाहीशी होईल. सूर्य नेमका डोक्यावर येईल. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा तिथेच येतो, पण तेव्हा बहुधा आभाळ भरलेलं असतं आणि सावली मुळातच नसते. ती भेट कुणाच्या ध्यानात येत नाही.

थांबा. पानं हलायची थांबलीत. टॉवेल सरळ लोंबतोय. ही मधली घटका सगळ्यात जड. कुठलाच वारा नाही. उठून पंखा लावावासा वाटेल. लावू नका. एक श्वास घ्या, सावकाश सोडा. आणखी एक.

आलं. आधी गालाला कळतं, मग मानेला. गार आहे, पण ओलसर. अर्नाळ्याला वाळत घातलेल्या बोंबलांवरून निघालेली हवा ही; वास मात्र वाटेतच गळून पडलाय. कपाळावरचा घाम आता उडत नाही, थेंब धरून राहतो आणि ओघळतो. ओघळू द्या.

टॉवेल पूर्वेकडे झुकलाय. एवढा वेळ बसलो, तेवढ्यात काढून घ्यायला हवा होता. आता संध्याकाळपर्यंत दमटच राहील.