शंका आणि संशय

मराठीत शंका विचारली जाते आणि संशय घेतला जातो. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मुलांना 'शक' आणि 'बदगुमानी' यांतला फरक समजावताना हीच मराठी जोडी आम्हांला उपयोगी पडते. शंकेचा रोख गोष्टीकडे असतो आणि तिला उत्तर हवे असते. बदगुमानीचा रोख माणसाकडे असतो आणि तिचे उत्तर आधीच ठरलेले असते. वर्गात हे सांगणे सोपे आहे. मागच्या उन्हाळ्यात एका जुन्या पिकअप गाडीमुळे आम्हांला कळले की फळ्यावरचा हा फरक आमच्या स्वतःच्या घरापर्यंत पोचलेलाच नव्हता.

आमचे गाव केदारखेडा, तालुका भोकरदन. पूर्णेच्या काठच्या या भागात उन्हाळी हिरवी मिरची होते आणि ती पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात जाते. आमच्या थोरल्या भावाची, भाईजानची, एक जुनी डिझेल पिकअप आहे. शेतावरून तोडा भरायचा, बाजारात उतरवायचा, रात्री परत यायचे, हा तिचा धंदा. ड्रायव्हर गावातलाच एक तरुण होता. त्याचे नाव, जात, मोहल्ला आम्ही इथे सांगत नाही; सांगितले की वाचणारा अर्धा निकाल तिथेच लावून टाकतो.

मे महिन्यात त्याची तक्रार सुरू झाली, 'गाडी कधी कधी सेल्फ घेत नाही.' चावी फिरवली की नुसता 'टक' असा आवाज, पुढे काही नाही. भाईजानने सकाळी दारात चावी फिरवली, गाडी पहिल्याच झटक्यात सुरू. आम्ही फिरवली, सुरू. मेकॅनिककडे नेली, त्याने दहा वेळा सेल्फ मारला, दहाही वेळा सुरू. तरी बॅटरी जुनी झाली आहे असे म्हणून त्याने नवी बसवली. आठ दिवस गाडी बिनतक्रार चालली. नवव्या दिवशी पुन्हा 'टक'. मग सेल्फ खोलून कार्बन ब्रश बदलले. आणखी सहा दिवस बरे गेले.

अधूनमधून येणाऱ्या दोषाची ही खोडच आहे. तो आपल्या मर्जीने जातो आणि त्या वेळी जो उपाय केलेला असेल त्याच्या नावावर श्रेय जमा होते. गंडे-ताविजांचा धंदाही याच आठ दिवसांवर चालतो. इब्न सीनाने 'अल-कानून' या वैद्यकाच्या ग्रंथात औषध पारखण्याच्या अटी दिल्या आहेत. त्यांतली एक अशी की गुण नेहमी किंवा बहुतेक वेळा दिसला पाहिजे. तसा दिसला नाही तर तो योगायोग समजावा. ही सुमारे हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आम्ही मुलांना कौतुकाने सांगतो. बॅटरीचे पैसे मोजताना मात्र ती आठवली नाही.

जूनच्या सुरुवातीला एके संध्याकाळी दुसऱ्या शेतावर माल भरून झाला आणि गाडी सुरूच होईना. कशीबशी सुरू करून ती बाजारात पोचेपर्यंत व्यापाऱ्यांचे ट्रक निघून गेले होते. पोत्यांतली मिरची रात्रभर तापली आणि सकाळी निम्म्या भावाने गेली. शाळेला सुट्टी असल्यामुळे हिशेबाला आम्हीच गेलो होतो. तिथल्या चहाच्या टपरीवर, चारचौघांत, आम्ही त्या मुलाला म्हणालो, "गाडी आमच्यासमोर एकदाही बंद पडत नाही. तुझ्याच हातात कशी पडते?"

तो म्हणाला, "सर, सेल्फ घेत नाही तेव्हा लाइट लावून बघा. लाइट मंदसुद्धा होत नाही. आणि ॲक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागते."

आम्हांला ती बनवाबनवी वाटली. केबल कशाला गरम होईल? भाईजानने मिरचीचे नुकसान त्याच्या पगारातून कापले. तो काम सोडून गेला.

त्याच्या जागी आमचा मामेभाऊ आला. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला की गाडी सेल्फ घेत नाही. भाईजान लगेच म्हणाला, "मतलब गाडी में सचमुच कुछ है!"

हे वाक्य आमच्या डोक्यातून जात नाही. तक्रार तीच होती, 'टक' तोच होता आणि पुरावा तेवढाच, म्हणजे काहीच नव्हता. फरक एवढाच की या वेळी बोलणारा आपला होता. शहरात भाड्याने घर पाहायला गेल्यावर, नाव सांगताच समोरच्याचा चेहरा बदललेला आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे! त्या चेहऱ्यावर आपण लेख लिहितो, परिसंवाद घेतो. त्या दिवशी टपरीवर तो चेहरा आमचा होता.

मामेभावाला घेऊन आम्ही भोकरदन रस्त्यावरच्या एका वयस्कर मेकॅनिककडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडले नाही. आम्हांला म्हणाले, "सर, तुम्ही जरा सावलीत बसा, मला चालवणाऱ्याशी बोलू द्या." मग त्यांनी विचारले, केव्हा होते? सकाळी पहिल्यांदा होते का? किती चालल्यावर? बंद करून किती वेळाने? आम्ही त्या मुलाला महिनाभर फक्त 'का?' विचारत होतो. 'का' हा प्रश्न आरोपीला विचारतात, साक्षीदाराला 'केव्हा' विचारतात.

उत्तर सरळ होते. सकाळी थंड गाडी कधीच अडत नाही. तासभर चालून तापली आणि दहा मिनिटे उभी केली की अडते. म्हणजे आम्ही सर्वांनी तिची परीक्षा नेमक्या अशा वेळी घेतली होती, जेव्हा ती नापास होणे शक्यच नव्हते. मेकॅनिकने गाडी तासभर पळवून आणायला लावली आणि उन्हात उभी केली. मग चावी फिरवली. टक.

लाइट लावली, ती तशीच लख्ख. बॅटरी उतरली असती तर लाइट विझू विझू झाली असती. बॅटरीत दम आहे, पण करंटला फेरा पुरा करता येत नाही, असा त्याचा अर्थ. सेल्फ इंजिनाला बसवलेला असतो आणि त्याचा करंट इंजिनाच्या लोखंडातून चासीकडे व तिथून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परततो. पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून इंजिन आणि चासी यांना जोडायला तांब्याच्या विणलेल्या तारांची एक अर्थिंगची पट्टी असते. त्यांनी मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाला लावून सेल्फ मारायला सांगितले. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा येऊ नये. तो सहाच्या वर आला. पट्टीच्या बहुतेक तारा तुटल्या होत्या आणि नटाखाली गंज होता. थंड असताना तो जोड कसेबसे काम भागवायचा, लोखंड तापले की हात वर करायचा. परतीची वाट बंद झाली की करंट मिळेल त्या धातूतून वाट काढतो. इंजिनापासून केबिनच्या पत्र्यापर्यंत जाणारी अशी एक बारीक वाट म्हणजे ॲक्सिलरेटरची केबल. ती गरम होणारच.

नवी पट्टी दोनशे रुपयांच्या आत आली.

अशीच चूक वैद्यकातल्या एका फार मोठ्या माणसाने स्वतःबद्दल लिहून ठेवली आहे. अबू बक्र अल-राझी, इसवी सन 925 च्या सुमारास वारलेला हकीम. त्याच्या 'अल-हावी'त अब्दुल्ला इब्न सवादा नावाच्या रोग्याची हकीकत आहे. त्याला ताप कधी रोज यायचा, कधी तिजारीसारखा एक दिवस सोडून, कधी चौथ्या दिवशी. राझीने दोन शक्यता धरल्या, हिवताप किंवा मूत्रपिंडातला व्रण. काही दिवसांनी लघवीतून पू गेला आणि व्रण सिद्ध झाला. पण आम्हांला त्याच्या निदानापेक्षा पुढची कबुली मोठी वाटते. उभे राहिल्यावर कमरेला ओझे लोंबल्यासारखे वाटते का, हे आपण रोग्याला विचारायचे राहून गेले, असे तो नोंदवतो. रोग्याने सांगितले नाही असेही तो म्हणतो, पण चूक आपल्याकडे घेतो. आमची गोष्ट त्याहून वाईट आहे. आमच्या मुलाने न विचारता सांगितले होते.

आता कोणी म्हणेल, 'कधी कधी होते' हे तर कामचुकाराचे आवडते पांघरूण आहे. खरे आहे. परीक्षेच्याच सकाळी पोट दुखणारी मुले आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पण तिसरीतली एक मुलगीही आठवते. वाचता वाचता ती थांबे, दहाएक सेकंद शून्यात बघे आणि पुन्हा वाचू लागे. तिच्या वहीवर 'लक्ष नाही' हा शेरा आम्हीच लिहिला होता. पुढे डॉक्टरांनी तिला काही मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला लावला आणि ते दहा सेकंद त्यांच्या डोळ्यांसमोर आले. तो फिटचाच एक प्रकार निघाला. त्या डॉक्टरांनी आणि या मेकॅनिकने केले ते एकच, दोषाला यायला अनुकूल वेळ दिली. आणि एवढे करूनही तो आला नाही तर? 'ठाऊक नाही' म्हणून थांबावे लागेल, पण माल तर रोज भरायचा असतो. या अडचणीवर आमच्याजवळ चोख उत्तर नाही. फक्त एवढे म्हणू, 'ठाऊक नाही' याचा भुर्दंड प्रत्येक वेळी पगारावर जगणाऱ्यानेच का भरावा? गाडी भाईजानची होती.

कापलेले पैसे घेऊन आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. त्याने मोजून घेतले. त्याच्या आईने पाणी दिले. आम्ही चुकलो असे स्वच्छ शब्दांत सांगितले, केबलचेही सांगितले. तो म्हणाला, "सर, घरात येऊन सांगितलंत, चांगलं झालं. पण बोलला होतात टपरीवर."

म्हणून पुढच्या फेरीला आम्ही गाडीबरोबर पिंपळगावला गेलो. त्या दिवशीचे तिघे टपरीवर भेटले, चौथा आला नव्हता. आम्ही पट्टीची सगळी गोष्ट सांगितली आणि मुलाचा काही कुसूर नव्हता हेही सांगितले. दोघांना तो प्रसंग आठवतच नव्हता. तिसऱ्याने चहा संपवला आणि विचारले, "मग त्या मिरचीचे पैसे शेवटी कोणाचे गेले?"