गुरुवारचं चिंतन : जाताना मागे काय ठेवलं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏



गेल्या काही आठवड्यांत आपल्या परिवारातल्या तीन-चार घरांतून एकच प्रश्न आला. शब्द वेगळे, काळजी एकच. एका ताईंनी लिहिलं, "मुलगा एमएसला अमेरिकेला जायचं म्हणतो. चाळीस-पंचेचाळीस लाखांचं कर्ज काढावं लागेल, घर तारण ठेवावं लागेल. बरोबरीची सगळी मुलं गेली. पाठवलं तर पोटात गोळा येतो, नाही म्हटलं तर उद्या तो आम्हालाच दोष देईल. महाराजांना विचारून सांगा, तिकडे खरंच आयुष्य चांगलं असतं का?"

या विषयावर आज थोडं सविस्तर बोलू. घरात सगळ्यांना वाचून दाखवा, मुलांनासुद्धा.

*आधी खरं ते मान्य करू*

परदेश म्हटलं की आपल्याकडे दोन टोकाची बोलणी होतात. एक म्हणतो, इथे काय ठेवलंय? दुसरा म्हणतो, तिकडे संस्कृतीच नाही. दोन्ही बोलणी अर्धवट आहेत.

तिकडे कष्टाला दाम आहे. वेळेला किंमत आहे. शिकायला मोठमोठी विद्यापीठं आहेत. कित्येक मुलींना मनाप्रमाणे शिकायला-काम करायला मोकळीक मिळाली. कित्येक घरांचं कर्ज फिटलं, बहिणींची लग्नं झाली, आईचं ऑपरेशन झालं, ते तिकडून आलेल्या पैशावरच. हे नाकारणं म्हणजे कृतघ्नपणा होईल.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. एच-वन-बी हा व्हिसा तीन वर्षांचा, वाढवून सहा वर्षांचा. पुढे राहायचं तर ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहायचं. तिथल्या कायद्यात कुठल्याही एका देशाला वर्षाकाठी सात टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे आपल्या माणसांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. तिकडे वाढलेलं मूल एकवीस वर्षांचं झालं की आईबापांच्या व्हिसावर राहू शकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तर नव्या एच-वन-बी अर्जांसाठी एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. एका रात्रीत किती घरांचे हिशोब उलटे-पालटे झाले, ते आपल्यातल्या अनेकांनी पाहिलं आहे.

म्हणजे काय, तर तिकडे सुविधा आहे, स्थैर्य असेलच असं नाही. पगार मोठा आहे, झोप मोठी असेलच असं नाही. सुख हे असं विमानतळावर उतरल्याबरोबर हातात मिळत नाही हो!

*आपणही कुणाचे तरी 'गेलेले'च आहोत*

हैदराबादच्या मराठी माणसाने स्थलांतराला नावं ठेवू नयेत. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजे-पणजे नांदेड, परभणी, बीड, लातूरकडून निजामाच्या राजधानीत आले. कोणी कचेरीत लागला, कोणी वकिली केली, कोणी दुकान टाकलं. कारभाराची भाषा उर्दू, शेजार तेलुगू, घरात मराठी. पुढे १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आपण मात्र इथेच राहिलो. माणसं जागच्या जागी आणि गाव परराज्यात, अशी आपली गंमत झाली!

तरी त्या पिढीने काय केलं बघा. नुसता पगार मोजत बसले नाहीत. १९०७ मध्ये विवेक वर्धिनी शाळा उभी राहिली. ग्रंथालय झालं, गणेशोत्सव झाले, घराघरांत दत्तजयंती सुरू झाली. इथल्या मातीला काही दिलं आणि मागच्या गावालाही विसरले नाहीत. गावाकडचा पुतण्या शिकायला आला की पडवीत त्याची वळकटी ठरलेली असायची. म्हणून त्यांचं जाणं सार्थकी लागलं.

*चिलकूरला आपण काय मागतो?*

गंडीपेटच्या तलावाकाठी चिलकूरचा बालाजी आहे. सगळं जग त्याला 'व्हिसा बालाजी' म्हणतं. अकरा प्रदक्षिणा घालून मागणं मागायचं आणि काम झालं की एकशे आठ घालायच्या. शनिवारी-रविवारी तरुण मुलं हातात प्रदक्षिणा मोजायचा कागद घेऊन भराभर चालताना दिसतात. त्या देवळाची आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तिथे हुंडी नाही. मोठ्या माणसांसाठी वेगळी रांग नाही. देव पैसा घेत नाही, मोठेपणा बघत नाही.

आणि अशा देवापुढे उभं राहून आपण काय मागतो? बहुतेक वेळा पैसा आणि मोठेपणाच मागतो!

मागणं चूक नाही. लेकराने बापाकडे मागायचं नाही तर कुणाकडे? पण त्या अकरा प्रदक्षिणांपैकी एक तरी प्रदक्षिणा अशी घाला की, "देवा, हे मला हवं आहे की लोकांना दाखवायला हवं आहे, एवढं मला कळू दे." मावसभावाचा फोटो बघून जो निघाला, त्याला तिकडेही दुसऱ्या कुणाचा तरी फोटो दिसतोच. तुलना पासपोर्ट न दाखवता आपल्याबरोबर विमानात बसते.

*श्रीगुरूंचं जाणं*

आता मुख्य गोष्ट. आपल्या दत्तपरंपरेकडे पाहा. आपले श्रीगुरू एका गावात राहिलेच नाहीत. श्रीपाद श्रीवल्लभांचा जन्म पीठापूरचा, तेलुगू मुलखातला. ते काशी, बदरी, गोकर्ण करत कृष्णेच्या बेटावर कुरवपूरला आले. नृसिंह सरस्वतींचा जन्म कारंज्याचा, वऱ्हाडातला. ते काशी करून औदुंबर, वाडी आणि शेवटी कानडी मुलखात गाणगापूरला आले. तेलुगू, मराठी, कानडी, सगळ्या सीमा त्यांनी ओलांडल्या. म्हणून 'घर सोडणं हेच पाप' असं दत्तभक्ताने तरी म्हणू नये.

पण ते *कसे* गेले, ते गुरुचरित्रात नीट वाचा.

श्रीपाद सोळा वर्षांचे झाले. आईवडिलांनी लग्नाचा विषय काढला. त्यांनी सांगितलं, मला निघायचं आहे. आईचा जीव कासावीस झाला. घरात दोन भाऊ होते, एक आंधळा आणि एक पांगळा. म्हातारपणी आम्हाला कोण बघणार, हा आईचा प्रश्न अगदी आजचा आहे. श्रीपादांनी काय केलं? "मोह सोड" असा कोरडा उपदेश करून निघून गेले का? नाही. त्यांनी दोन्ही भावांकडे कृपादृष्टीने पाहिलं. आंधळ्याला डोळे आले, पांगळ्याला पाय आले, दोघेही विद्वान झाले. आईवडिलांची सेवा त्यांच्यावर सोपवली आणि *मग* श्रीपादांनी उंबरठा ओलांडला.

पुढच्या अवतारातही तेच. कारंज्याला नरहरी मुंजीपर्यंत बोलला नाही, मुंज झाली आणि मुखातून वेद बाहेर पडले. सगळं गाव थक्क. आणि लगेच आईला म्हणाला, आता मला निरोप दे. त्या माउलीची काय अवस्था झाली असेल! इतकी वर्षं मुक्या लेकराचं पहिलं बोलणं ऐकायला कान आसुसलेले, आणि ते बोलणं हे असं. तिने विनवलं. तेव्हा नरहरी थांबला. आईच्या कुशीत दोन जुळी मुलं येईपर्यंत थांबला. ज्याला काळाचं बंधन नाही त्याने आईसाठी काळ मोजला. पुढे संन्यास घेऊन काशी-बदरी झाल्यावर तो पुन्हा कारंज्याला आला, आईवडिलांना भेटला.

आणि शेवटी गाणगापूर. श्रीशैलाकडे निघताना श्रीगुरूंनी भक्तांना नुसतं रडत सोडलं नाही. निर्गुण पादुका मागे ठेवल्या. आजही दुपारी भिक्षेला ते गावात येतात या श्रद्धेने माणसं तिथे भिक्षा वाढतात.

तीनदा गेले आणि तिन्ही वेळा मागे काहीतरी ठेवून गेले. भावांना बळ दिलं, आईला दोन लेकरं दिली, भक्तांना पादुका दिल्या.

कोणी म्हणेल, "ते अवतार होते, आम्ही संसारी माणसं." अहो, ज्यांना कुठलाच पाश नव्हता त्यांनी एवढी सोय लावली, तर आपण पाशातली माणसं किती जपून निघायला हवं?

*निघण्यापूर्वी तीन प्रश्न*

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर 'पाठवा' किंवा 'पाठवू नका' असं एका शब्दात नाही. आजच्या गुरुवारी आरतीनंतर मोबाईल बाजूला ठेवून घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावं आणि हे तीन प्रश्न विचारावेत.

*१. कशासाठी?* अमुक विषय शिकायचा आहे, तो इथे तसा शिकता येत नाही, हे उत्तर आहे. घरावरचं ओझं कमी करायचं आहे, हेही उत्तर आहे. "सगळे जातात" हे उत्तर नाही. २०२३-२४ च्या वर्षात अमेरिकेत भारतातून गेलेले ३ लाख ३१ हजारांहून जास्त विद्यार्थी होते. एवढी माणसं गेली म्हणून तुमच्या लेकराचा मार्ग तोच, असं होत नाही.

*२. कुणाच्या जिवावर?* कर्जाचा हप्ता किती, नोकरी वर्षभर मिळाली नाही तर तो कोण भरणार, हे कागदावर लिहा. वडील निवृत्तीला आले असतील आणि राहतं घरच तारण असेल, तर थांबून विचार करा. कमी खर्चाचा दुसरा देश आहे का, दोन वर्षं इथे नोकरी करून थोडे पैसे साठवून जाता येईल का? नरहरी थांबला, तुम्ही दोन वर्षं थांबलात तर काही बिघडत नाही.

*३. मागे काय ठेवून?* आईबाबांच्या औषधांची फाईल कुणाकडे आहे? रात्री दोन वाजता दुखलं तर कुणाला फोन करायचा? बँकेचे व्यवहार त्यांना समजावून दिलेत का? जी बहीण किंवा भाऊ इथे राहणार, त्याच्याशी मोकळं बोलणं झालं का? पैसे पाठवणारा 'कर्तबगार' आणि दवाखान्याच्या रांगेत उभा राहणारा 'मागे राहिलेला', असं कृपा करून घरात होऊ देऊ नका. सेवा त्याच्या वाट्याला आली आहे, तर मानही त्याच्या वाट्याला येऊ द्या.

तिन्हींची उत्तरं मनापासून मिळाली तर आनंदाने निरोप द्या. डोळ्यांत पाणी येईल, येऊ द्या. पण पायात बेडी घालू नका. "तू गेलास तर मी जगणार नाही" असं म्हणून थांबवलेलं मूल घरात राहतं, मनाने कधीच गेलेलं असतं.

*ज्यांना व्हिसा मिळाला नाही त्यांच्यासाठी*

नानकरामगुड्याच्या कॉन्सुलेटमधून दोन मिनिटांत नकार घेऊन बाहेर आलेली मुलं आठ-आठ दिवस खोलीबाहेर येत नाहीत. बाळांनो, काचेपलीकडच्या माणसाने तुमचा अर्ज नाकारला आहे, तुम्हाला नाही. श्रीपाद श्रीवल्लभांनी एवढी तीर्थं पाहिली आणि राहायला निवडलं एक लहानसं बेट. जागा लहान म्हणून त्यांचं कार्य लहान झालं नाही. नातेवाइकांनीही "काय झालं व्हिसाचं?" हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत विचारू नये. ही सुद्धा सेवाच आहे.

*जे तिकडे आहेत त्यांच्यासाठी*

तुम्हीही हे वाचत असाल, तिकडे रात्र असेल. नोकरी गेली तर घरी लपवू नका. आईबाबांना तुमच्या पगाराची गरज असेल-नसेल, तुमच्या खऱ्या आवाजाची आहे. एकट्याने सोसताना मनात नको ते विचार येऊ लागले तर लगेच जवळच्या माणसाशी, डॉक्टरांशी बोला. परत यावंसं वाटलं तर परत येणं म्हणजे हरणं नव्हे. श्रीगुरूही कारंज्याला परत आले होते.

तर मग चांगलं आयुष्य कुठे? ज्या दारातून भिक्षा बाहेर जाते, तिथे. न्यू जर्सीतल्या घरात नव्याने आलेल्या मुलाला चार दिवस ठेवून घेतलं, तर तिथे गाणगापूर आहे. काचीगुड्याच्या घरात शेजारच्या एकट्या आजींना गरम वरण-भात गेला, तर तिथेही आहे. दोन्ही दारं बंद असतील, तर पत्ता कुठलाही लिहा, काय फरक पडतो?

*या आठवड्याची साधना*

🌺 परदेशी असलेल्यांनी आठवड्यातली एक वेळ ठरवून घरी फोन करावा. त्यात पैशाचा विषय काढू नये. आधी विचारावं, "आज काय जेवलात?"

🌺 इथे असलेल्यांनी, ज्यांची मुलं बाहेर आहेत अशा आपल्या कॉलनीतल्या एका काका-काकूंकडे जाऊन यावं. औषध, बँक, दवाखाना, जे अडलं असेल ते करून द्यावं.

🌺 गुरुचरित्राचा पाचवा आणि बारावा अध्याय घरात एकत्र बसून वाचावा. वाचून झाल्यावर जो निघणार आहे त्याने आईवडिलांजवळ पाच मिनिटं नुसतं बसावं.

आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर हे चिंतन जरूर पाठवा.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त 🙏