शिल्लक

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या काही रुग्णांना भरभर चालून आलं की अंधुक दिसू लागतं. थोडं बसलं, अंग निवलं की नजर पूर्ववत. विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये हे टिपलं आणि दोष श्रमाला दिला. खरा दोष श्रमाने चढणाऱ्या उष्णतेचा, हे पुढे कळलं. कढत अंघोळीनेही तेच होतं. एमआरआय येण्यापूर्वी तर संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं उमटतात का, ते पाहत. अघोरीच प्रकार!

आता मज्जातंतू तुटलेला असेल, तर अंग निवताच तो सांधला कसा जातो? तर तो तुटलेला नसतोच. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिन, म्हणजे मेदाचं वेटोळं, कुरतडते. आतले तंतूही कालांतराने झिजतात, पण इथे मुद्दा उरलेल्यांचा आहे. मायलिनच्या वेटोळ्यांमध्ये ठरावीक अंतरावर उघड्या जागा असतात, रॅनव्हिएच्या गाठी. संदेश एका गाठीवरून दुसरीवर उड्या मारत जातो. जाड तंतूंत त्याचा वेग सेकंदाला १०० मीटरच्याही पुढे जातो. आवरण गेलं की विद्युतप्रवाह वाटेतच झिरपतो. संदेश रखडतो, कधी पोचतच नाही.

निरोगी तंतूत पुढची गाठ चेतवायला लागतो त्याच्या कितीतरी पट, साधारण पाच-सातपट, प्रवाह तयार होतो. तापमान वाढलं की गाठीवरच्या सोडियमच्या वाटा लवकर मिटतात आणि प्रवाह घटतो. गाठीला शिल्लक असेल तर हा तोटा जाणवतही नाही. मायलिन गेलेल्या तंतूचं मात्र हातावर पोट. अर्ध्या अंशानेही तो थबकू शकतो.

म्हणून नागपूरच्या मे महिन्यात असा रुग्ण दुपारी लटपटला आणि रात्री सावरला, तर ते सोंग नव्हे. ‘सकाळी तर चांगली चालत होतीस’ हे वाक्य अशा घरांत फार सहज बोललं जातं. दुपारचं ते लटपटणं आजाराचा नवा झटकाही नव्हे. नवा झटका म्हणायला लक्षणं ताप नसताना किमान २४ तास टिकावी लागतात.

फॅम्प्रिडिन नावाचं औषध याच हिशेबावर चालतं. पोटॅशियमच्या वाटा अडवून ते संदेशाची लाट थोडी लांबवते, म्हणजे प्रवाहात भर घालते. त्याने काही रुग्णांची चाल सुधारते, सगळ्यांची नाही. आणि मायलिन होतं तिथेच, अर्धवट कुरतडलेलं, राहतं.