वल्द, जौजे, बेवा

आमच्या पणजोबांच्या वडिलांचं नाव काय, या प्रश्नाला घरात दोन उत्तरं आहेत हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं. तेही बहिणीच्या जात पडताळणीमुळे. मी स्वतः खुल्या गटातून इंजिनीअरिंग केलं. बाबांनी तेव्हा "कुठं त्या कागदांच्या मागे लागतोस" म्हणून विषय टाळला होता. तो आळस नव्हता, हे आता समजतं.

ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. म्हणजे आपण कोण, हे सिद्ध करायला आजोबा-पणजोबांपर्यंत मागे जावं लागतं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं, तेव्हा मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना शोधून आणलं गेलं. आमच्याकडे वर्धा जिल्ह्यात कुणबी असण्याबद्दल कुणाला शंका नसते, पण कागद आम्हालाही लागतो.

हे कागद वाचायला आधी त्यांची भाषा शिकावी लागते. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. जौजे म्हणजे अमक्याची बायको. बेवा म्हणजे अमक्याची विधवा. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, वारस लहान असला की त्याच्या नावापुढे येणारा मोठा माणूस. पुरुष एकदा वल्द झाला की जन्मभर वल्द. बाईची ओळख मात्र नवरा आहे की गेला यावर बदलते. ती कुणाची मुलगी होती, हे मी पाहिलेल्या एकाही कागदावर नव्हतं. लग्नाची सरकारी नोंद तर आपल्याकडे कालपरवापर्यंत बहुतेक घरांत कुणी करतच नव्हतं. त्यात लग्नात नावही बदलायचं, म्हणजे माहेरचं नाव घेऊन शोधायची सोय नाही.

पणजोबांची शाळेतली दाखल-खारीजची नक्कल सहज मिळाली. जात कुणबी, जन्म १९१६, पुढे वल्द अमुक. या अमुकांना आपण मोठे खापरपणजोबा म्हणू. पण त्यांच्या गावच्या कोतवाल पंजीत १९१६ साली त्यांना मुलगा झाल्याची नोंदच नाही. मागचं-पुढचं वर्ष पाहिलं. नाही. पंजीत बाळाचं नाव नसतंच बहुतेक वेळा, फक्त बापाचं नाव, जात, आणि मुलगा की मुलगी. तेवढंही नव्हतं.

मग आत्याआजीकडे गेलो. पणजोबांची ती शेवटची मुलगी, ऐंशीची. कापूस वेचून झाल्यावर जशी ओटी मोकळी करतात तसं तिनं सांगून टाकलं. "तिथं कसा सापडन बाबू तो? तो कडेवर आला होता. नदीपलीकडच्या गावाहून. त्याचा बाप मानमोडीत गेला, मंग आजीनं पाट लावला."

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात त्यानं माणसं अक्षरशः झोडपून नेली. नदीपलीकडच्या गावाची पंजी काढली. १९१६ मध्ये एका कुणब्याला मुलगा. १९१८ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्याच कुणब्याचा मृत्यू, कारण ताप. त्या पानावर खालीवर सगळीकडे ताप. पंजी लिहिणाऱ्याचं अक्षर पानाच्या शेवटी घाईचं झालं होतं.

आता माझ्यापुढचा प्रश्न. वंशावळीचं शपथपत्र म्हणजे शपथ. पणजोबांच्या वरच्या चौकटीत कुणाचं नाव लिहायचं?

अर्ज मंजूर व्हायला शाळेचा दाखला पुरेसा होता. त्यावर मोठ्या खापरपणजोबांचं नाव होतं, तेच लिहिलं तर कुणी विचारलंही नसतं. काका म्हणाले, तेच लिही. त्यांची भीती वेगळी होती आणि ती खोटी नव्हती. आमचं तीन एकर शेत त्याच घरातून आलेलं आहे. सावत्र मुलगा कायद्यानं सावत्र बापाचा वारस होत नाही. मृत्युपत्र नव्हतं. मोठ्या खापरपणजोबांनी आपल्या दोन पोरांबरोबर या कडेवर आलेल्यालाही सारखी वाटणी दिली आणि फेरफारात तशी नोंद झाली, एवढंच. "सत्तर वर्षांनी भाऊबंदांच्या हातात कागद कशाला द्यायचा?" इतक्या वर्षांनी त्या कागदानं काही हललं नसतं, असं मला एका वकील मित्रानं सांगितलं. काकांना त्यानं झोप लागणार नव्हती.

माझ्या कामात झाडाची एक साधी अट असते: प्रत्येक फांदीला वर एकच गाठ. दोन आल्या की ते झाड राहत नाही, प्रोग्राम अडतो. वंशावळीचा नमुना छापणाऱ्याच्या डोक्यातही हीच अट असावी. पण आमच्या जिल्ह्यातलाच सगळ्यांना माहीत असलेला माणूस बघा. जमनालाल बजाज राजस्थानात १८८९ मध्ये जन्मले आणि वर्ध्याच्या शेठ बच्छराजांकडे नातू म्हणून दत्तक आले. सतरा-अठराच्या वयात आजोबांशी खटका उडाला, तेव्हा तुमच्या संपत्तीवर माझा हक्क नाही असं पत्र लिहून ते घराबाहेर पडले. समजूत घालून त्यांना परत आणलं गेलं. पुढे त्यांनी गांधीजींना सांगितलं, मला तुमचा पाचवा मुलगा माना. हा माणूस कुठल्या चौकटीत बसवाल? दत्तकाला निदान विधी असतो, कागद असतो. आईच्या कडेवरून आलेल्या पोराला तेही नाही.

म्हणून मला आधी वाटलं, ज्यानं वाढवलं त्याचंच नाव लिहावं आणि विषय संपवावा. वाटणीच्या दिवशी त्यानं उत्तर दिलेलंच होतं. त्याच्यावर कायद्याची सक्ती नव्हती.

पण मग ती राहते. दोन्ही गावांच्या कागदांत ती एकदाच येते, मरताना, मोठ्या खापरपणजोबांची बायको म्हणून. तिशी गाठायच्या आत नवरा गेला, दोन वर्षांचं पोर घेऊन ती नदी ओलांडून आली, तिच्यामुळे आम्ही सगळे आहोत, आणि मी फक्त वल्द लिहिलं तर ती नदी ओलांडल्याचं काहीच उरत नाही.

अमेरिकेतले लोक वसाहतीच्या काळातले पूर्वज शोधतात तेव्हा त्यांचा मोठा आधार मृत्युपत्रं असतात. बाप मृत्युपत्रात लग्न झालेल्या मुलीला काही ठेवतो, जावयाचं नाव येतं, आणि हरवलेली बाई सापडते. मला हेवा वाटला होता. मग लक्षात आलं, त्याच मृत्युपत्रांत मुलीला गाय आणि गादीबरोबर गुलाम माणसंही दिलेली असतात. नुसतं पहिलं नाव, मालमत्तेच्या यादीत पुढे किंमत. त्यांच्या पणतवंडांनाही तोच कागद वाचावा लागतो, कारण बहुतेकांची नावं जनगणनेत १८७० मध्येच पहिल्यांदा आली. एकच पान, कुणाला वारसा म्हणून मिळतं, कुणाला पुरावा म्हणून. जुनी पानं आपल्यासाठी लिहिलेली नव्हती. पंजीसुद्धा सरकारला माणसं मोजायची होती म्हणून आहे.

मी ठरवलं: चौकटीत मोठे खापरपणजोबा, आणि खाली एक वाक्य. पणजोबांचे जन्मदाते १९१८ मध्ये वारले, आईनं पाट लावल्यावर ते या घरात वाढले. दोन्ही नकला सोबत.

सगळ्यात अडचणीचा प्रश्न बहिणीनं विचारला. "दादा, तुझं खरं माझ्या सीटवर कशाला?" तिचं बरोबर होतं. समितीनं चौकशी लावली, तारीख गेली, तर प्रवेश तिचा जाणार होता, माझा नाही. नोकरी लागलेल्या माणसाला खरेपणा स्वस्तात पडतो. शिवाय दुवा काय होता माझ्याकडे? निनावी बाळाची एक नोंद आणि एका म्हातारीची आठवण. ते वाक्य खरं आहे याचीही शपथच घ्यावी लागणार होती. मी तिला म्हटलं, तू नको म्हण, मी खोडतो. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "वाक्य राहू दे. पण जन्मदाते वारले असं लिहितोस आणि आईचं नाव नाही लिहीत, ते बरं दिसत नाही."

नाव होतं कुठं? आत्याआजीला विचारलं. तिला हसू आलं. "आजीले कोणी नावानं बोलवत होतं का रे? पारडीवाली म्हणत." पारडी नावाची गावं विदर्भात किती तरी असतील.

शपथपत्र बाबांच्या नावानं होतं, सही त्यांचीच लागणार होती. त्यांनी ते वाक्य चष्मा काढून, मग चष्मा लावून वाचलं. "मला माहीत होतं," एवढंच म्हणाले आणि सही केली. काका त्या दिवशी आले नाहीत. दिवाळीला आले, शेताचा विषय निघाला नाही.

घरच्यांसाठी मी फोनवर वेगळी वंशावळ बनवायला घेतली आहे. त्या अ‍ॅपमध्ये नावाच्या रकान्यापुढे लाल चांदणी आहे, रिकामा सोडता येत नाही. सध्या तिथं 'पारडीवाली' आहे. मागच्या आठवड्यात आत्याआजीचा फोन आला, रात्री साडेनऊला, तिच्या झोपेच्या वेळेनंतर. म्हणाली, "सरू असंन बाबू तिचं नाव. नाही तं सरू तिची जाऊ होती. थांब, सकाळी सांगतो."