पिपीलिकांची पंक्ती

धरणगावातल्या एका प्राथमिक शाळेच्या ओट्यावर, कापसाच्या वेचणीचे दिवस असल्यामुळे निम्मा पट गैरहजर असताना, दुसरीतली एक मुलगी पुस्तकावर बोट टेकवून वाचत होती आणि मी, ज्याचा शाळेच्या कारभाराशी एका निवृत्त माणसाच्या रिकाम्या दुपारीपुरताच संबंध आहे, तिच्या शेजारी बसून ऐकत होतो. तिने ‘क’ म्हटले आणि ती थांबली; ‘म’ म्हटले, ओट्याखालून गेलेल्या बैलगाडीकडे पाहिले; मग ‘ळ’ म्हटले, आणि माझ्याकडे अशा मुद्रेने पाहिले की तीन अनोळखी पाहुणे एकामागून एक दारात येऊन गेले असावेत आणि ते एकाच घरचे आहेत हे तिला कोणी सांगितलेच नसावे. तिन्ही अक्षरे तिला येत होती. शब्द आला नाही. बाईंच्या वहीत तिच्या नावासमोरच्या रकान्यात ‘अक्षर’ एवढाच शेरा होता. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी मुलांचे वाचन मोजण्याची ही रीत ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीने २००५ पासून देशभर रूढ केली. तिची एक सोय अशी की मूल कोणत्या इयत्तेत बसते यापेक्षा ते कोणत्या पायरीवर उभे आहे हे ती विचारते. या मुलीची पायरी पहिली होती, आणि पहिलीवरून दुसरीवर पाऊल टाकताना ती जेथे अडखळत होती त्याच जागी आपल्या देशातले मोठमोठे शास्त्री शतकानुशतके एकमेकांशी भांडले आहेत, हे तेथे बसल्याबसल्या माझ्या ध्यानात आले आणि मी थोडा चपापलो.

प्रश्न साधा दिसतो. अक्षरे एकामागून एक उच्चारली जातात. ‘म’ उच्चारला जातो तेव्हा ‘क’ नाहीसा झालेला असतो आणि ‘ळ’ अजून जन्मलेला नसतो. एका क्षणी एकच अक्षर हजर असते, आणि एका अक्षराला कमळाचा अर्थ नाही. मग कमळ येते कोठून? मीमांसासूत्रांवरच्या आपल्या भाष्यात शबरस्वामींनी उपवर्षाचा हवाला देऊन याचे उत्तर दिले: शब्द म्हणजे अक्षरेच, त्याहून वेगळे काही नाही, आधीचे प्रत्येक अक्षर जाताजाता मनावर एक संस्कार ठेवून जाते, आणि शेवटचे अक्षर त्या सगळ्या संस्कारांना बरोबर घेऊन अर्थ देते. वैयाकरणांना हे पटले नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त असे प्रतिपादन केले की अर्थ देणारी वस्तू अखंड असते, तिला स्फोट म्हणावे, अक्षरे आणि पदे ही आपण सोयीसाठी केलेली कापाकापी आहे. मोराच्या अंड्यातल्या रसात पिसाऱ्याचे सगळे रंग न वेगळे होता असावेत तसे वाक्य बोलणाऱ्याच्या बुद्धीत आधीच अखंड असते. पुढे कुमारिलभट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त स्फोटाचे खंडन केले, मंडनमिश्रांनी ‘स्फोटसिद्धी’ लिहून त्याचे मंडन केले, आणि वाद चालू राहिला.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात या वादाला हात घातला आहे, आणि तेथे ते वैयाकरणांच्या नव्हे, अक्षरवाद्यांच्या बाजूचे दिसतात. अक्षरे तीच असली तरी क्रम बदलला की शब्द बदलतो, हे दाखवण्यासाठी त्यांनी दिलेली उदाहरणे इतकी घरगुती आहेत की पहिलीच्या फळ्यावर शोभावीत: राजा आणि जारा, कपि आणि पिक. आणि क्रमाने आलेली वेगवेगळी अक्षरे बुद्धीत एक कशी होतात, हे सांगण्यासाठी त्यांनी मुंग्या आणल्या आहेत. मुंग्या सुट्याच असतात, पण एकीमागे एक चालू लागल्या की पाहणाऱ्याच्या बुद्धीत ‘रांग’ उभी राहते.

मी त्या मुलीच्या बोटाकडे पुन्हा पाहिले. तिच्या मुंग्या चालत होत्या, परंतु दोन मुंग्यांमधले अंतर इतके होते की तिसरी येईपर्यंत पहिली भिंतीच्या भेगेत गेलेली असे. शबरस्वामींच्या भाषेत सांगायचे तर ‘ळ’ने मागे वळून पाहिले तेव्हा ‘क’चा संस्कार विझला होता. आधुनिक मानसशास्त्र याला अल्पकालीन स्मृतीची मर्यादा म्हणते. मन एका वेळी थोड्याच वस्तू आणि त्याही थोडाच वेळ धरून ठेवू शकते, आणि ज्या मुलाचे सगळे बळ अक्षर ओळखण्यातच खर्च होते त्याच्यापाशी ती जोडायला काही शिल्लक राहत नाही. तेव्हा हे मूल मंद आहे असे म्हणणे म्हणजे ज्याच्या ओंजळीतून पाणी गळते त्याला तहान नाही असे म्हणण्यासारखे आहे. अक्षर या शब्दाची व्युत्पत्ती ‘जे क्षरत नाही ते’ अशी सांगतात. परब्रह्मालाही तेच नाव. दुसरीतल्या मुलाच्या अनुभवाला अक्षराइतकी क्षर वस्तू जगात नाही: शुक्रवारी आलेला ‘भ’ सोमवारी ‘म’ होऊन बसतो.

आपल्या लिपीने तर या पिपीलिकांच्या पंक्तीत आणखी काही खोड्या करून ठेवल्या आहेत. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. शंकराचार्यांचा ‘पिक’ कागदावर उतरला की मुलाच्या डोळ्याला पहिली दिसते ती वेलांटी, ‘प’ नव्हे. ‘सूर्य’ या शब्दात ‘र’ आधी उच्चारला जातो आणि जाऊन बसतो ‘य’च्या डोक्यावर. ज्यांना वाचता येते त्यांना यात काही विशेष वाटत नाही. बाराखडीची गोष्टही तशीच. ही मुलगी ‘क का कि की’ची सगळी ओळ कीर्तनातल्या धृपदासारखी एका दमात म्हणते, पण मधल्या ‘कु’वर बोट ठेवून हे काय असे विचारले की तिला ‘क’पासून पायऱ्या चढत यावे लागते. वर्णमालेचा आपला क्रम उच्चारस्थानांच्या दृष्टीने अत्यंत शास्त्रशुद्ध आहे यात शंका नाही, परंतु तो ज्याला भाषा येते त्याच्यासाठी केलेले वर्गीकरण आहे, ज्याला वाचन शिकायचे आहे त्याच्यासाठी केलेला रस्ता नव्हे. क, ख, ग, घ, ङ एवढ्या भांडवलावर किती शब्द होतात ते कोणीही मोजून पाहावे. फलटणला प्रगत शिक्षण संस्था काढणाऱ्या मॅक्सिन बर्नसन मुळात भाषाशास्त्राच्या अभ्यासक, आणि अमेरिकेत जन्मून मराठी मुलांना वाचायला शिकवण्यात त्यांनी हयात घालवली. त्यांनी हा क्रम बाजूला ठेवून निवडक अक्षरे आणि स्वरचिन्हे यांचे लहान गट केले आणि पहिल्या गटापासूनच मुलाच्या हाती खरे शब्द दिले. मुंग्या थोड्या, पण लगेच रांगेत.

येथे मीमांसकांचा विजय झाला असे वाटेल. तसे नाही, हे त्याच दुपारी मला कळले.

पुढच्या पानावर ‘शेत’ हा शब्द होता. मुलीने ‘शे’ म्हटले, आणि वाचन संपल्यासारखे समाधानाने पुस्तकावरून बोट उचलले. ‘त’ तसाच राहिला. बाईंनी तिला चूक दाखवली. मला मात्र ती चूक वाटेना. तिच्या घरी अहिराणी बोलतात, आणि अहिराणीत ‘शे’ म्हणजे ‘आहे’. तिच्या घरातली कितीतरी वाक्ये त्या एका अक्षरावर येऊन थांबतात. ‘शे’ उच्चारताच तिच्या बुद्धीत एक पूर्ण अर्थ लखकन उमटला आणि त्यानंतर आणखी एक अक्षर उरले आहे याचे तिला भान राहिले नाही. हा स्फोटच होता, पण दुसऱ्या भाषेतला. भर्तृहरीचे म्हणणे असे की अक्षरे केवळ आत असलेल्या अखंड शब्दाला प्रकट करतात. मग ज्या मुलीच्या आत ‘मुलगी’ हा शब्दच नाही, ‘आंडेर’ आहे, तिच्यापुढे प्रमाण मराठीची अक्षरे कितीही नेटकी मांडली तरी ती प्रकट कशाला करणार? वाचनाच्या या पायरीवर केवळ अक्षरांचा सराव घेणारे आणि केवळ गोष्टी ऐकवणारे असे दोन पंथ आज शिक्षणाच्या क्षेत्रात परस्परांना अडाणी ठरवत असतात. त्यांतल्या कोणालाही कुमारिलाचे वा मंडनाचे नाव ठाऊक नसेल, पण भांडण तेच आहे, आणि मला दोघेही अर्धे बरोबर वाटतात: संस्कार टिकावा म्हणून अक्षर जलद यावे लागते, आणि अर्थ उजळावा म्हणून शब्द आधीच कानात असावा लागतो. यांपैकी दुसरी तजवीज शाळांतून फारच क्वचित केली जाते. धरणगावच्या मुलाने वर्गात पहिले वर्ष अहिराणीत बोलावे, गोष्ट अहिराणीत सांगावी आणि तीच मराठीत ऐकावी, यात कोणाचे काय नुकसान आहे, हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही.

वाचनाबद्दल बोलणे झाले की आमच्या भागात बहिणाबाईंचे नाव हमखास निघते. असोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी त्यांच्या वाणीतून केवढे काव्य निघाले, तेव्हा वाचनावाचून काय अडते, असा तो युक्तिवाद असतो. तो मला आळशी वाटतो. अक्षरशत्रू माणसाची बुद्धी तीक्ष्ण असू शकते एवढेच बहिणाबाईंवरून सिद्ध होते, आणि ते सिद्ध व्हायला हवेच होते; परंतु त्या १९५१ साली निवर्तल्या, आणि त्यांच्या ओव्या १९५२ साली छापून निघाल्या त्या घरात सोपानदेवांसारखा लिहिणारा मुलगा होता म्हणून. ज्या बायांच्या घरात लिहिणारा नव्हता त्यांच्या ओव्या कोणत्या जात्यावर विरून गेल्या याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही.

शांकरभाष्याकडे पुन्हा वळावे लागते, कारण तेथे एक गोष्ट आहे जी डावलून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या तिसऱ्या पादात मुंग्यांची ती सुंदर रांग आहे, त्याच पादात, थोडी पाने उलटताच, अपशूद्राधिकरण येते, आणि ज्याचे उपनयन झालेले नाही त्याला वेदविद्येचा अधिकार नाही असा निर्णय दिला जातो. अक्षर नित्य आहे, पण ते कोणी ऐकावे याला मर्यादा आहे. अधिकार ही कल्पना मुळात केवळ वाईट नव्हे. शिकणाऱ्याची तयारी पाहूनच शिकवावे, हे कोणताही शहाणा शिक्षक मान्य करील. परंतु तयारी ही जन्माने ठरते असे एकदा मानले की गुरूचे काम संपते. शिष्य अयोग्य होता, एवढे म्हणून त्याला हात झटकता येतात. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली, ती एका अर्थाने या अधिकरणाला दिलेले उत्तर होते. सक्ती सरकारवर, लायकी मुलाला विचारायची नाही.

ते उत्तर कायद्यात उतरले आहे, शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला त्या १ एप्रिल २०१० पासून तर निःसंशय. आणि तरीही जुने अधिकरण शाळेच्या दप्तरात नव्या नावाने परत आले आहे असे मला वाटते. ‘अप्रगत’ हा शब्द कोणी प्रथम योजला मला ठाऊक नाही, परंतु तो हजेरीपटाशेजारी एकदा लिहिला गेला की त्या मुलाची ती जात होते. ‘उपचारात्मक अध्यापन’ हा शब्दही मला आवडत नाही. उपचार आजाऱ्यावर करतात. काही मुलांच्या वाचनात जन्मजात स्वरूपाची अडचण असते, आणि २०१६च्या दिव्यांगांच्या कायद्याने तिची दखल घेतली आहे, ते योग्यच. परंतु वेचणीच्या हंगामात महिनाभर आईबरोबर वावरात राहिलेल्या मुलीला आजार नाही, तिच्या मुंग्यांची रांग फक्त मधे तुटली आहे.

धरणगावाहून सुरतेकडे जाणाऱ्या रेल्वेने निघाले की अमळनेर लागते. तेथे प्रतापशेटजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले, आणि वेदान्ताच्या अध्ययनासाठी देशाच्या दूरदूरच्या भागांतून विद्वान खानदेशच्या त्या तालुक्याच्या गावी येऊन राहिले. त्यांच्यापैकी कोणी गावातल्या पहिलीच्या वर्गात डोकावले असेल की नाही, ही कल्पना करण्याची मला खोड आहे. एक तरुण मात्र तत्त्वज्ञानासाठी तेथे आला आणि १९२४ साली त्याच गावच्या शाळेत शिक्षक होऊन छात्रालयातल्या मुलांत रमला. त्याला आपण साने गुरुजी म्हणतो.

बाईंनी पुढच्या काही आठवड्यांत जे केले ते पाहताना कोणालाही त्यात तत्त्वज्ञान दिसले नसते. रोज जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास, इयत्ता न पाहता एका पायरीवरची सहा-सात मुले एकत्र बसवायची. पाच-सहा अक्षरांचाच गट घ्यायचा, त्यांचे शब्द करायचे, मोडायचे, पुन्हा करायचे. आणि एकच लहानसा मजकूर तीन-चार दिवस पुन्हा पुन्हा वाचून घ्यायचा. या शेवटच्या गोष्टीचा मला प्रथम कंटाळा आला होता. मग आठवले की भर्तृहरीने हेच सांगितले आहे: श्लोक आवृत्तीने आत्मसात होतो, पण कोणत्या एका आवृत्तीने झाला असे बोट दाखवता येत नाही. सातव्या वेळी वाचता आले म्हणजे आधीच्या सहा वाया गेल्या असे नव्हे. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र एखाद्या आवृत्तीची तारीख हवी असते, आणि ती देता येत नाही म्हणून या कामाचा अहवाल नेहमीच मुळमुळीत दिसतो.

वेचणी संपत आली तेव्हा मी पुन्हा त्या ओट्यावर गेलो. तेच पान उघडे होते. मुलीने ‘शे’ म्हटले, या वेळी बोट उचलले नाही, ‘त’ घेतला, दोन्ही एका श्वासात जोडले, आणि ‘शेत’ म्हणून माझ्याकडे पाहिले. म्हणजे काय, असे मी विचारले. ती क्षणभर गप्प राहिली, मग तिचा चेहरा एकाएकी उजळला आणि ती मोठ्याने म्हणाली, “वावर!” बाई हसल्या, या वेळी त्यांनी दुरुस्ती केली नाही. बोट पुढच्या शब्दावर गेले होते. तो ‘पीक’ होता. दुसरी वेलांटी अक्षराच्या मागून येते, म्हणून तेथे ती अडली नाही.